‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

पुण्यातल्या मराठी शाळांत प्रार्थना आणि प्रतिज्ञा आटोपली की परिपाठ सुरू होतो. एक जण सुविचार वाचतो, दुसरी दिनविशेष सांगते आणि मग कुणीतरी पुढे येऊन आजचा प्रश्न विचारतो. हे प्रश्न पिढ्यानपिढ्या फिरत राहिले आहेत. ‘पेशवाईतले साडेतीन शहाणे कोण?’ हा त्यांतला जुना आणि अजून न थकलेला प्रश्न. उत्तर आजोबांना पाठ, नातीलाही पाठ : सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, नाना फडणवीस अर्धे. ‘अर्धे का?’ असे रांगेतून कुणी विचारलेच तर बाईंकडे त्याचेही उत्तर असते. पहिले तिघे लेखणीइतकीच तलवारही चालवत, नानांचा हात लेखणीपुरता. म्हणून ते अर्धे.

उत्तर सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकले. पण त्याच्या शेजारी तारखा मांडून पाहाव्यात. विठ्ठल सुंदर हा निजामाचा दिवाण. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनच्या लढाईत तो मारला गेला. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. म्हणजे एक ‘पूर्ण’ शहाणा रणात पडला तेव्हा ‘अर्धा’ शहाणा अवघा एकवीस वर्षांचा होता. पानिपतावरून जीव वाचवून परत आलेला, फडावर नवखा. त्याचे मोठे राजकारण अजून दहा-अकरा वर्षे दूर होते. तेव्हा चौघांना एका ओळीत बसवणारी ही यादी मागाहून, सगळ्यांचे जमाखर्च ठाऊक झाल्यावर कुणीतरी लावलेली असणार. आणि लावणाऱ्याचा न्याय पाहण्यासारखा आहे. देवाजीपंत या नागपूरकर भोसल्यांच्या कारभाऱ्याला त्याने पूर्ण गुण दिले, शत्रूच्या दिवाणालाही पूर्ण दिले, आणि ज्याच्या शब्दावर पाव शतक पुण्याचा कारभार चालला त्या नानांना अर्ध्यावर आणून ठेवले. त्यात सखारामबापूंना कैदेत घालणारे नानाच. बापू १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच वारले. पूर्ण शहाण्याचा शेवट अर्ध्या शहाण्याच्या हातून झाला, हे या यादीच्या पोटात दडलेले आहे आणि परिपाठात ते कधी विचारले जात नाही.

म्हण कुठून आली हे विचारण्याची हौस सगळ्या मुलखांत असते. पुण्यात या हौसेला एक मोठी सोय आहे. वाक्प्रचार, त्यामागची गोष्ट आणि त्या गोष्टीबद्दलचे कागद ही तिन्ही इथे एका शहरात सापडतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढे गोष्ट ऐकावी, सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन तिचा आधार शोधावा, तिथे न मिळाला तर पुरालेखागारातले पेशवे दफ्तर आहेच. मंडळ १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी काढले. त्याच्या पाक्षिक सभांत एखादे जुने पत्र, एखादी तारीख, एखादे अनोळखी नाव एवढ्याशा विषयावरही टिपणे वाचली गेली. पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापून काढले. इतके साहित्य हाताशी असल्यावर गोष्ट आणि कागद समोरासमोर ठेवणे अवघड राहत नाही. आणि दोघांमध्ये जिथे फट दिसते, तिथेच त्या काळच्या लोकांच्या मनात काय होते ते कळायला लागते.

काही गोष्टी मात्र पुण्याच्या नाहीतच, पुण्याला येऊन चिकटलेल्या आहेत. शनिवारवाड्याच्या जागेची कथा ही त्यांतली. बाजीरावांनी इथे म्हणे ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहिला आणि ही माती पराक्रमाची म्हणून वाड्यासाठी जागा नक्की केली. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, हे पक्के आहे. ससा मात्र फार जुना आणि फार फिरलेला आहे. विजयनगरच्या स्थापनेच्या कथेत तो आहे, अहमदाबादच्या कथेतही आहे. राजधानी वसवणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मातीसाठी असा एक ससा हवा असावा.

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मात्र अस्सल पुणेरी मातीतला, आणि त्याच्यासारखा जड वाक्प्रचार मराठीत दुसरा क्वचितच असेल. ३० ऑगस्ट १७७३. भाद्रपदातले गणपतीचे दिवस. अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव वाड्यात होते आणि त्यांचे चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी आत शिरले. त्यांच्यात सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे पुढारी होते, आणि तुळाजी पवार हा घरातला खिदमतगारही त्यांना सामील होता. नारायणराव धावत काकांच्या महालात गेले, त्यांना मिठी मारून ‘काका, मला वाचवा’ म्हणाले, असे सांगितले जाते. तुळाजीने त्यांना खेचले, सुमेरसिंगाने वार केला. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले आणि तोही तिथेच मेला. पेशव्यांचा देह ज्या दरवाजाने बाहेर नेला त्याला आज नारायण दरवाजा म्हणतात.

गोष्ट पुढे सांगते की रघुनाथरावांनी गारद्यांना ‘नारायणरावांना धरावे’ असा हुकूम लिहून दिला होता आणि त्यांची बायको आनंदीबाई हिने ‘ध’ खोडून ‘मा’ केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. एका अक्षराने एक पेशवा गेला. गोष्टीचा घाट इतका नेमका आहे की ती ऐकलेला माणूस विसरूच शकत नाही. आज कार्यालयातल्या टिपणीत कुणी शब्द फिरवला, वर्तमानपत्राने नेत्याच्या बोलण्याचा अर्थ बदलला, की पहिला शब्द ओठांवर येतो तो हाच.

पण आनंदीबाईंच्या हातचा तो बदललेला कागद आजवर पुढे आलेला नाही. पुढे आले आहे ते चौकशीचे फलित. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाचा तपास केला. त्यात सुमारे पन्नास जण कमीअधिक गुंतलेले निघाले आणि मुख्य अपराधी ठरले ते रघुनाथराव. त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्रींनी पुणे सोडले. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्द मराठीला मिळाला तो या एका कृतीतून. म्हणजे न्यायाधीशाने ज्या पुरुषाचे नाव घेतले, त्याच्याऐवजी लोकांच्या बोलीने लेखणी त्याच्या बायकोच्या हातात दिली. आनंदीबाई लिहिणारी-वाचणारी बाई होती, राजकारणातले तिला कळत होते. अशा बाईबद्दल संशय पसरवणे सोपे होते, आणि पसरला. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावी वारले. आनंदीबाई त्यांच्यामागे दहाएक वर्षे जगल्या, देखरेखीत, आणि नाशिकजवळ आनंदवलीला १७९४ मध्ये गेल्या. त्यांच्यावरचा हा आरोप मात्र दर दिवशी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून अजून उच्चारला जातो. वाक्प्रचार सोडून द्यावा असे कुणी म्हणणार नाही, म्हणण्यात अर्थही नाही. पण मुलांना तो शिकवताना रामशास्त्रींचा निकाल काय होता हेही सांगितले, तर एका बाईवर अडीचशे वर्षे चाललेला अन्याय थोडा तरी कमी होईल.

आणि चापाजी टिळेकर? धन्यासाठी जीव देणाऱ्या या माणसावर एकही म्हण नाही. म्हणींना विश्वासघात लवकर सापडतो.

गंमत अशी की ज्या रघुनाथरावांच्या नावाला हा डाग लागला, त्यांच्याच नावावर मराठीतला सगळ्यांत अभिमानाचा वाक्प्रचारही आहे. ‘अटकेपार झेंडे लावणे.’ एप्रिल १७५८ मध्ये त्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि तिथून मराठी तुकड्या सिंधूकाठच्या अटकेकडे गेल्या. मोहिमेच्या झपाट्यावरून ‘राघोभरारी’ हा शब्द झाला. ही भरारी खर्चाची होती. फौज परत आली ती डोक्यावर मोठे कर्ज घेऊन, आणि पंजाबही हाती फार दिवस राहिला नाही. तो हिशेब वाक्प्रचारात कुठेच नाही. पुण्यातल्या मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला की आई-बाबा आजही म्हणतात, पोरीने अटकेपार झेंडा लावला. पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाचा पराक्रम आणि एकाच माणसाचे पाप, दोन्ही भाषेत वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊन बसले, आणि ती दोन्ही एकाच घरातली आहेत हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही.

खुनानंतर नाना, सखारामबापू, हरिपंत फडके आदींनी रघुनाथरावांविरुद्ध जी फळी उभी केली, ती ‘बारभाई’. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेले, १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. हे कारस्थान पुरते यशस्वी झाले. तरी भाषेत उरली ती ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’. पुष्कळांनी मिळून केलेल्या कामाचा विचका होतो, हा तिचा अर्थ. इतिहासातल्या बारभाईंच्या हाती खूप काही लागले होते.

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने मराठी बोलीला जेवढे दिले तेवढे दुसऱ्या कोणत्याच दिवसाने दिले नसेल. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता पराभव. ‘विश्वास गेला पानिपतात’ म्हणजे आता कुणावर भरवसा ठेवू नये. नानासाहेब पेशव्यांचा ऐन तारुण्यातला मुलगा विश्वासराव त्या रणात पडला, त्याच्या नावावरचा हा श्लेष. त्यातल्या शब्दखेळाखाली किती दुःख आहे ते लगेच जाणवते. घराघरांतून माणसे गेली होती आणि त्या घरांनी ते सांगायला एक नाव उचलले.

‘भाऊगर्दी’ हा शब्द पाहावा. आज निवडणूक आली की इच्छुकांची भाऊगर्दी होते, लग्नात फोटो काढणाऱ्यांची होते. ‘गर्दी’ म्हणजे माणसांची दाटी, हा आपला आजचा अर्थ. जुन्या कागदांत ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीला मिळवणे. फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ, त्यातून तो आला. पानिपतावर मराठी फौजेचे सेनापती असलेल्या भाऊसाहेबांच्या वेळी झालेला धूळधाणीचा कल्लोळ, ती भाऊगर्दी. सदाशिवराव भाऊंच्या नावाची पेठ पुण्यात आहेच, आणि ‘सदाशिव पेठी’ हे विशेषण तर ज्याला त्याला लावले जाते. पण भाऊगर्दीतले भाऊ तेच, हे त्या पेठेत राहणाऱ्यांनाही आठवतेच असे नाही.

दर जानेवारीत मोबाइलवरच्या गटांतून एक मजकूर न चुकता फिरतो. पानिपताची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली, म्हणून ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पडला आणि गोड सणाला अशुभ अर्थ चिकटला. तारीख १४ जानेवारी असल्याने ऐकणाऱ्याला ते लगेच पटते. इथे पंचांगाचे गणित आडवे येते. मकरसंक्रमण सूर्याच्या नक्षत्रांमधल्या स्थानावर ठरते आणि इंग्रजी तारखेच्या मानाने ते सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आपण संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला करतो. अडीचशेहून अधिक वर्षे मागे गेले की ती १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतावर जेव्हा रणकंदन झाले, त्याच्या तीन-चार दिवस आधीच १७६१ ची संक्रांत होऊन गेली होती.

पण याच्या एकच वर्ष आधी, १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीजवळ बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडले. ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे त्यांच्या तोंडचे म्हणून सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेले उत्तर त्याच दिवसाचे. तो दिवस संक्रांतीचा होता. दोन जानेवाऱ्या, दोन्ही यमुनेकाठच्या मुलखात, दोन्हीकडे समोर अफगाण बादशहा अब्दाली आणि त्याचा रोहिला साथीदार नजीबखान यांची माणसे. लोकांच्या आठवणीत त्या एकमेकींत मिसळून गेल्या असतील तर नवल नाही.

तरी वाक्प्रचाराचे मूळ दत्ताजींच्या मरणातही शोधायचे कारण नाही. ते जुन्या पंचांगातच आहे. दर वर्षी पंचांगात संक्रांतीचे वर्णन आणि तिचे फल छापतात. ती अमुक वाहनावर बसून येते, अमुक वस्त्र नेसते, अमुक फूल हातात घेते, अमुक भक्षण करते, अमुक दिशेकडून येऊन अमुक दिशेला जाते आणि अमुक दिशेकडे पाहते. ज्या वस्तू ती वापरते त्या महाग होतात किंवा त्यांना पीडा होते. जिकडे ती जाते आणि पाहते तिकडच्यांना त्रास. गावातले जोशी हे फल वाचून दाखवत आणि लोक मन लावून ऐकत. ‘यंदा कुणावर संक्रांत आहे’ हा प्रश्न तिथून आला, आणि ‘त्याच्यावर संक्रांत आली’ हे वाक्यही. पानिपताने त्या जुन्या भीतीला एक तारीख पुरवली, इतकेच.

एवढ्या तपशिलात जायचे ते कशाला, असे कुणाला वाटेल. पुण्यात दोन माणसांनी असाच तपशील गोळा करण्यात हयात घालवली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे. दोघेही श्री. व्यं. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले. केतकरांनी नागपुरात सुरू करून पुढे पुण्याला आणलेला तो तेवीस खंडांचा ज्ञानकोश म्हणजे कोशकारांची शाळाच होती. तिथून बाहेर पडून दाते-कर्व्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हाती घेतला. १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत त्याचे सात विभाग निघाले, १९५० मध्ये पुरवणी विभाग. मग फक्त वाक्प्रचार आणि म्हणींसाठी वेगळा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’, दोन विभागांत. पहिला १९४२ चा, दुसरा १९४७ चा. जगात महायुद्ध चालू, कागदाची टंचाई, देशात चले जाव आणि मग फाळणी. आणि पुण्यात दोन माणसे ताकाला जाऊन भांडे का लपवतात याची नोंद करत बसलेली. याहून निष्ठेचे काम त्या दशकात पुण्यात फार झाले नसेल.

शब्दकोशाचे पान उघडले की त्यांची पद्धत दिसते. शब्द, त्याची जात, अर्थ. मग जुन्या ग्रंथांतली किंवा ऐतिहासिक पत्रांतली उदाहरणे. आणि शब्द एखाद्या भागातलाच असेल तर कंसात एकदोन अक्षरांची खूण, कोकणासाठी ‘को.’, वऱ्हाडासाठी ‘व.’, खानदेशासाठी ‘खा.’, गोव्यासाठी ‘गो.’. या एकदोन अक्षरांत मोठे मन आहे. सदाशिव-नारायण पेठेतल्या मराठीलाच मराठी समजण्याचा मोह पुण्यात बसलेल्या कोशकाराला सहज झाला असता. त्यांनी तो टाळला आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा शब्द बखरीतल्या शब्दाच्या मांडीला मांडी लावून बसवला. त्यांच्या आधी मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये मराठी-इंग्रजी कोश केला, त्यातही म्हणी भरपूर आहेत. मॅन्वेअरिंग या मिशनऱ्याने १८९९ मध्ये मराठी म्हणींचे इंग्रजी भाषांतरासह पुस्तक काढले. ती दोन्ही कामे मोलाची आहेत. पण म्हण मराठीतून मराठीला समजावून सांगायची, तिच्या पोटातली कथा मराठी वाचकासमोर मांडायची, हे काम दाते-कर्व्यांनी मोठ्या प्रमाणावर केले.

घाशीराम कोतवालाची गोष्ट अशा नोंदींमुळे आणि एका नाटकामुळे जिवंत राहिली. १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल. १७९१ च्या ऑगस्टमध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी भवानी पेठेतल्या कोंदट कोठडीत डांबले. वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर उसळले आणि ३१ ऑगस्टला जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यातच, भरत नाट्य मंदिरात, पहिल्यांदा उभे राहिले. त्यानंतर जुलमी अधिकाऱ्याला घाशीराम म्हणणे महाराष्ट्राबाहेरही पोचले.

‘गाढवाचा नांगर फिरवणे’ या वाक्प्रचाराचा मात्र पुण्याने अनुभव घेतला. शहाजीराजांनी आदिलशाहीविरुद्ध डोके वर काढले तेव्हा, १६३० च्या सुमारास, आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे कसबा जाळून उद्ध्वस्त केला. जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला आणि इथे पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून लोखंडी पहार ठोकली, असे परंपरा सांगते. पुढे जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन पुण्यात आल्या आणि त्याच मातीत सोन्याचा फाळ लावलेला नांगर चालवून त्यांनी वस्ती पुन्हा बसवली, ही तिची पुढची बाजू. कसबा गणपतीच्या परिसरात हे आजही अभिमानाने सांगतात.

ही शिक्षा पुण्यापुरती नव्हती. भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगराजा खारवेलाचा शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात पिथुंड नगर गाढवाच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख आहे. म्हणजे मुरार जगदेवाने फार जुनी खूण वापरली, बघणाऱ्यांना तिचा अर्थ लगेच कळावा म्हणून. युरोपात अशीच गोष्ट कार्थेजची सांगतात. ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये रोमनांनी ते शहर पाडले आणि तिथे मीठ पेरले, असे शाळाशाळांतून शिकवले गेले. शहर पाडले हे खरे. मिठाबद्दल मात्र कोणत्याही प्राचीन लेखकाने लिहिलेले नाही. ते अलीकडच्या काळात कुणीतरी गोष्टीत टाकले आणि तिथेच राहिले. विध्वंसाच्या गोष्टीला अशी एखादी ठळक वस्तू लागतेच. कार्थेजला मीठ मिळाले, पुण्याला पहार.

पुण्याच्या दुसऱ्या मोठ्या विध्वंसाचे शब्द अजून ताजे आहेत. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध काही तास तगवला म्हणून फुटायला दिवस उजाडला आणि हजारो जीव वाचले. मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले, पूल बुडाले, जुने वाडे मातीचे ढीग झाले. तेव्हापासून ‘पानशेत’ हे पुणेकरांचे कालमापन झाले. ‘आमचं लग्न पानशेतच्या आदल्या वर्षीचं’, ‘तो पानशेतनंतरचा जन्म’. आणि घरातली जुनी सनद, कुंडली, आजोबांचा फोटो सापडत नसला तर एकच वाक्य : ‘पानशेतच्या पुरात गेलं.’ जे खरोखर वाहून गेले त्याबद्दलही हे म्हणतात, आणि जे कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही त्याबद्दलही. वाक्प्रचार तयार होण्याची हीच पायरी असते.

दाते-कर्व्यांच्या पुरवणीत ‘पानशेत’ नाही, कारण ती निघाली १९५० मध्ये. नवी नोंद कुणी करायला बसले तर त्याला मिळेल ती संधी जुन्या कोशकारांना ‘ध’चा ‘मा’च्या बाबतीत कधीच मिळाली नव्हती. त्या सकाळी नदीकाठच्या वाड्यात असलेली माणसे आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. पुरानंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वस्त्या उभ्या राहिल्या, तिथे त्यांतली बरीच घरे आहेत. पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता आले, पळताना घरातून काय उचलले आणि काय राहिले, ‘पुरात गेलं’ हे उत्तर पहिल्यांदा कोणी कुणाला दिले, हे त्यांना नाव-तारखेनिशी विचारून लिहून घेता येते. हे काम शाळेतल्या मुलांनीही करावे असे आहे. एका उन्हाळी सुट्टीत एका पेठेचे होऊन जाईल.